पोसेटची सममिती कशी तपासावी : कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या नवख्यांसाठी

पोसेटवरचे, म्हणजे अंशतः क्रमित संचांवरचे, कोणतेही लेखन उघडा, ‘सममित’ हा शब्द लवकरच समोर येतो. अडचण अशी की तो दर वेळी एकाच अर्थाने येत नाही. एकाला पातळ्यांवरचे आकडे खालून आणि वरून सारखे हवे असतात. दुसऱ्याला अख्खी आकृती उलटी केल्यावर तीच मिळायला हवी असते. तिसरा साखळ्यांबद्दल बोलत असतो, आणि चौथ्याला हे सगळे आतल्या प्रत्येक तुकड्यात हवे असते. यातला एक गुणधर्म हाती आला की बाकीचे आपोआप येतील असे धरून चालणे ही नवख्याची सर्वात महागडी चूक आहे. आकृती उलटली तरी तीच राहते, म्हणजे परस्परांशी तुलना न होणाऱ्या घटकांचा सर्वात मोठा गट एखाद्या पातळीवरच सापडणार, असे मी बरेच दिवस गृहीत धरले होते. आठ घटकांच्या एका छोट्या आकृतीने ते मोडले. ती आकृती पुढे दिली आहे.

या लेखासाठी शाळेतले संच, विभाजक आणि थोडा धीर एवढे पुरे. शेवटच्या पायरीत सदिशांची थोडी ओळख लागेल. सगळी उदाहरणे हाताने करण्याजोगी आहेत आणि ती हातानेच करावीत असा माझा आग्रह आहे.

पायरी १ : आकृती काढा आणि पातळ्या मोजा

पोसेट म्हणजे अंशतः क्रमित संच. त्यात काही घटकांची आपसात तुलना होते, काहींची होत नाही. नियम तीनच. प्रत्येक घटक स्वतःशी ‘लहान किंवा समान’ असतो. क हा ख पेक्षा लहान किंवा समान आणि ख हा क पेक्षा लहान किंवा समान असेल, तर ते दोन्ही एकच. आणि क ≤ ख, ख ≤ ग असेल तर क ≤ ग.

१२ चे विभाजक घ्या : १, २, ३, ४, ६, १२. ‘क ने ख ला भाग जातो’ याला क ≤ ख म्हणा. ३ ने ४ ला भाग जात नाही आणि ४ ने ३ ला जात नाही, म्हणून ३ आणि ४ यांची तुलनाच नाही. आता लहान घटक खाली आणि मोठा वर ठेवून, मध्ये तिसरा कुणी बसत नसेल तरच दोघांना रेघेने जोडा. याला हासे आकृती म्हणतात. तळाशी १, त्यावर २ आणि ३, त्यावर ४ आणि ६, माथ्यावर १२. रेघा सात : १–२, १–३, २–४, २–६, ३–६, ४–१२, ६–१२.

तळापासून माथ्यापर्यंत कोणत्याही वाटेने एकएक रेघ चढत गेलात तर प्रत्येक वेळी तीनच पावले पडतात. अशा पोसेटला पातळीबद्ध म्हणू या. १२ च्या विभाजकांचे पातळीवार आकडे १, २, २, १ असे येतात, आणि ते दोन्ही टोकांकडून सारखेच वाचले जातात. ही झाली पहिली आणि सर्वात ढोबळ सममिती : पातळी-सममिती.

पातळीबद्ध आहे की नाही, हे आकडे मोजण्याआधी पाहून घ्या. पाच घटकांचा पंचकोन काढा : तळापासून माथ्याकडे एका बाजूने दोन घटकांतून वाट जाते, दुसऱ्या बाजूने एकाच घटकातून. एका वाटेने तीन पावले, दुसरीने दोन. इथे पातळी हा शब्दच लागू होत नाही. तरीही ही आकृती उलटी केली तर तशीच दिसते! म्हणजे उलटवण्याची सममिती पातळ्यांवर अवलंबून नसते. ती स्वतंत्र बाब आहे.

पायरी २ : उलटून पाहा, आणि उलटणे म्हणजे फिरवणे नव्हे हे लक्षात ठेवा

पोसेटमधला प्रत्येक ≤ उलटा केला की जो पोसेट मिळतो तो मूळ पोसेटचा द्वैत. मूळ आणि द्वैत यांची रचना एकच असेल तर पोसेट स्वद्वैत. हे सिद्ध करायचा सरळ मार्ग म्हणजे क्रम उलटवणारी एकास-एक संगती दाखवणे. १२ च्या विभाजकांसाठी ती समोरच आहे : प्रत्येक विभाजक द च्या जागी १२ ÷ द ठेवा. २ जाऊन ६ येतो, ३ जाऊन ४ येतो, १ आणि १२ जागा बदलतात.

यापेक्षा वेगळी ती क्रम राखणारी संगती, म्हणजे पोसेटची स्वसमरूपता. इथे वर-खाली काही होत नाही, घटक आपापल्या पातळीतच जागा बदलतात. १२ च्या विभाजकांत अशी संगती शोधा. २ च्या वर दोन रेघा जातात, ३ च्या वर एकच, म्हणून २ आणि ३ यांची अदलाबदल अशक्य. ४ च्या खाली एक रेघ, ६ च्या खाली दोन, तीही जोडी बदलत नाही. म्हणजे सगळे जागच्या जागी ठेवणारी एकच संगती उरते. उलटवणारी संगती आहे, पण आतल्या आत हालचाल अजिबात नाही.

आता ३० चे विभाजक काढा. ३० = २ × ३ × ५, आकडे १, ३, ३, १. इथे २, ३, ५ यांना कसेही आपसात बदला, आकृती तीच राहते. क्रम राखणाऱ्या ६ संगती आणि क्रम उलटवणाऱ्याही ६.

आणि याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण : घनाचा पृष्ठ-पोसेट, ज्यात एक भाग दुसऱ्यात सामावतो हा क्रम. तळाशी रिक्त संच, मग ८ शिरोबिंदू, १२ कडा, ६ पृष्ठे, माथ्यावर अख्खा घन. आकडे १, ८, १२, ६, १. घनाच्या ४८ सममिती या पोसेटवर क्रम राखून काम करतात, म्हणजे आतली हालचाल भरपूर आहे. पण ८ आणि ६ सारखे नाहीत, त्यामुळे क्रम उलटवणारी एकही संगती नाही. घन उलटला की अष्टफलक मिळतो : १, ६, १२, ८, १.

घन आणि १२ चे विभाजक शेजारी शेजारी ठेवले की दोन प्रश्न आपोआप वेगळे होतात. ‘किती फिरवता येते’ आणि ‘उलटवता येते का’ यांची उत्तरे एकमेकांना बांधलेली नाहीत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. अष्टफलकाचे ६, १२, ८ हे आकडे सममित नाहीत, पण त्यांतून १, ६ − ३, १२ − २×६ + ३, ८ − १२ + ६ − १ असे चार नवे आकडे काढले तर १, ३, ३, १ येतात. विंशतिफलकाच्या १२, ३०, २० वर हीच कृती केली तर १, ९, ९, १. त्रिकोणी पृष्ठांच्या प्रत्येक बहिर्वक्र घनाकृतीत ही लपलेली सममिती सापडते, आणि वरच्या मितींतही तिचे रूप आहे. डेन–सॉमरव्हिल समीकरणे म्हणतात ती हीच. पोसेट वरवर सममित दिसला नाही म्हणून लगेच सोडून देऊ नये, ते यासाठी.

पायरी ३ : आठ घटकांचे दोन पोसेट, जे पाठच असावेत

दोन्हींत तळ एक, माथा एक, खालच्या पातळीवर अ, आ, इ आणि वरच्या पातळीवर प, फ, ब. आकडे दोन्हींत १, ३, ३, १. फरक फक्त मधल्या रेघांचा.

पहिला पोसेट. अ च्या वर प आणि फ. आ च्या वर प आणि ब. इ च्या वर फक्त प. मधल्या रेघा पाच. खालच्या तिघांतून वर जाणाऱ्या रेघा मोजा : २, २, १. वरच्या तिघांतून खाली येणाऱ्या मोजा : प ला ३, फ ला १, ब ला १. पोसेट स्वद्वैत असता तर या दोन याद्या सारख्या आल्या असत्या. त्या नाहीत. म्हणजे पातळी-सममिती आहे, स्वद्वैतता नाही.

दुसरा पोसेट. अ च्या वर फक्त प. आ च्या वरही फक्त प. इ च्या वर फ आणि ब. हा स्वद्वैत आहे : इ आणि प यांची अदलाबदल करा, अ–आ ही जोडी फ–ब या जोडीवर पाठवा, आकृती उलटून तीच मिळते. आता अ, आ, फ, ब हे चार घटक पाहा. अ आणि आ च्या वर प सोडून मधल्यांतले कुणी नाही, फ आणि ब च्या खाली इ सोडून मधल्यांतले कुणी नाही. म्हणून या चौघांत कुणाचीच कुणाशी तुलना होत नाही. ज्या गटात कोणत्याही दोघांची तुलना होत नाही त्याला प्रतिसाखळी म्हणतात. इथे चारची प्रतिसाखळी मिळाली, पण सर्वात मोठ्या पातळीवर तिघेच आहेत.

सर्वात मोठ्या पातळीइतकीच मोठी प्रतिसाखळी असू शकते, त्याहून मोठी नाही, या गुणधर्माला श्पेर्नर गुणधर्म म्हणतात. एमॅन्युएल श्पेर्नर यांनी १९२८ मध्ये तो एखाद्या संचाच्या सर्व उपसंचांच्या पोसेटसाठी सिद्ध केला. १० घटकांच्या संचातून, कुणीही दुसऱ्यात पूर्ण सामावलेला नसेल असे जास्तीत जास्त २५२ उपसंच निवडता येतात, आणि ५ घटकांचे उपसंचही नेमके २५२ च असतात.

तेव्हा दुसरा पोसेट स्वद्वैत असूनही श्पेर्नर नाही. पहिला स्वद्वैत नाही, पण पुढच्या पायरीत दिसेल की तो श्पेर्नर आहे. नवा दावा वाचला की आधी तो या दोन आकृत्यांवर चालवून बघायची सवय लावा. पुष्कळ चुकीचे दावे इथेच गळतात.

पायरी ४ : सममित साखळ्यांत वाटणी करा

साखळी म्हणजे ज्यातल्या प्रत्येक दोघांची तुलना होते असा गट. सममित साखळी म्हणजे एकही पातळी न गाळता चढत जाणारी आणि तळापासून जितकी वर सुरू होते तितकीच माथ्याच्या खाली थांबणारी साखळी. अख्खा पोसेट अशा साखळ्यांत, एकही घटक दोनदा न घेता, वाटून टाकता आला तर एका फटक्यात तीन गोष्टी मिळतात. आकडे सममित असतात. ते मध्यापर्यंत चढतात आणि मग उतरतात, म्हणजे एकशिखरी असतात. आणि श्पेर्नर गुणधर्मही मिळतो. शेवटचे का, ते पाहा : प्रत्येक साखळी मधल्या पातळीतून जाते, म्हणून साखळ्या मधल्या पातळीवरच्या घटकांइतक्याच, आणि एका साखळीतून प्रतिसाखळीत एकापेक्षा जास्त घटक जाऊ शकत नाहीत.

पहिल्या आठ-घटकी पोसेटमध्ये वाटणी सोपी आहे : तळ–अ–फ–माथा, मग आ–ब, मग इ–प. म्हणून तो श्पेर्नर आहे. दुसऱ्यात ती अशक्य, कारण अ आणि आ दोघांनाही वर जायला प हा एकच मार्ग.

१२ च्या विभाजकांत प्रयत्न करा. घाईने १–२–६–१२ ही साखळी घेतली तर ३ आणि ४ उरतात, आणि त्यांची तुलना होत नाही. अडकलात. १–२–४–१२ घेतली तर ३–६ उरते आणि काम होते. पहिली साखळी निवडताना उरलेल्यांचा विचार करावा लागतो, हा धडा या सहा घटकांतच मिळून जातो. कोणत्याही संख्येच्या विभाजकांसाठी अशी वाटणी होते हे डी ब्रॉइन, टेंगबर्गेन आणि क्रौस्वाइक यांनी १९५१ मध्ये दाखवले.

उपसंचांच्या पोसेटसाठी तर एक यांत्रिक कृती आहे, आणि ती इतकी सुंदर आहे की तिथे जरा थांबू या. ती ग्रीन आणि क्लाइटमन यांच्या १९७६ च्या कामातली आहे. उपसंच ० आणि १ च्या ओळीने लिहा : घटक असेल तर १, नसेल तर ०. मग ० ला उघडणारा कंस आणि १ ला बंद होणारा कंस समजा आणि कंसांच्या जोड्या नेहमीसारख्या लावा. जोडी न लागलेले जे उरतात ते डावीकडे सगळे १ आणि उजवीकडे सगळे ० असेच उरतात. आता जोड्यांना हात न लावता, न जुळलेल्या शून्यांपैकी सर्वात डावीकडच्या ० चा १ करा. जोड्या तशाच राहतात, उपसंच एका घटकाने वाढतो. हेच पुन्हा पुन्हा करा.

तीन घटकांवर करून पाहा. ००० मध्ये जोडी एकही नाही, म्हणून साखळी : ०००, १००, ११०, १११. ०१० मध्ये पहिल्या दोघांची जोडी, तिसरा मोकळा : ०१०, ०११. ००१ मध्ये शेवटच्या दोघांची जोडी, पहिला मोकळा : ००१, १०१. आठही उपसंच आले, एकही दोनदा नाही. साखळी सममित का, तेही इथेच दिसते. जोड्या ज असतील तर साखळीची सुरुवात ज पातळीवर होते, आणि शेवट माथ्याच्या ज पातळ्या खाली, कारण प्रत्येक जोडीत एक ० कायमचा अडकलेला असतो. चार घटकांसाठी स्वतः करा : ६ साखळ्या यायला हव्यात, त्यांत ५, ३, ३, ३, १, १ घटक.

पायरी ५ : आतले तुकडे तपासा

क ≤ ख असे दोन घटक घ्या आणि त्यांच्यामधले सगळे घटक, ते दोन धरून, बाजूला काढा. याला अंतराल म्हणतात, मी तुकडा म्हणतो. प्रत्येक तुकडा पातळी-सममित असेल तर तो पोसेट स्थानिक पातळी-सममित. एक आणि दोन पावलांच्या तुकड्यांत तपासायचे काहीच नसते, कारण आकडे १, १ किंवा १, काहीतरी, १ असेच येतात. खरी परीक्षा तीन पावलांपासून सुरू होते.

संख्येच्या विभाजकांत हा गुण नेहमी असतो, कारण क पासून ख पर्यंतचा तुकडा हा ख ÷ क च्या विभाजकांसारखाच दिसतो. पण स्वद्वैत असूनही हा गुण नसणारे पोसेट आहेत. २ × २ च्या चौकटीत डावीकडे आणि वर टेकवून रचलेल्या यंग आकृत्या घ्या, म्हणजे वरच्या ओळीतले चौरस खालच्या ओळीपेक्षा कमी नसलेल्या रचना. त्या ओळीवार लिहिल्या तर : रिक्त, १, २, १+१, २+१, २+२. एक आकृती दुसरीत बसते हा क्रम. आकडे १, १, २, १, १. आकृतीबाहेरचा भाग अर्ध्या फेरीने फिरवला की पुन्हा यंग आकृतीच मिळते, म्हणून पोसेट स्वद्वैत. आता रिक्त ते २+१ हा तुकडा पाहा : १, १, २, १. सममिती गेली.

तुकड्यांचा एवढा आग्रह का? त्याचे फळ साखळ्या मोजताना मिळते. ६० चे विभाजक घ्या, आकडे १, ३, ४, ३, १. तळापासून माथ्यापर्यंत चार पावले. ती १, १, २ अशा टप्प्यांत चढायची तर किती मार्ग? पहिल्या पातळीवरचा एक आणि दुसऱ्या पातळीवरचा एक विभाजक निवडायचा : २ सोबत ४, ६, १०, ३ सोबत ६, १५, ५ सोबत १०, १५. एकूण ७. आता १, २, १ असे टप्पे : २ सोबत १२, २०, ३०, ३ सोबत १२, ३०, ५ सोबत २०, ३०. पुन्हा ७. आणि २, १, १ : ४ वरून दोन, ६ वरून दोन, १० वरून दोन, १५ वरून एक. पुन्हा ७. टप्प्यांचा क्रम बदलला तरी मोजणी बदलत नाही.

कारण एका ओळीचे आहे. लागोपाठचे दोन टप्पे, म्हणा त आणि थ, एका तुकड्याच्या आत पडतात. त्या तुकड्यात तळापासून त पातळीवर जितके घटक, तितकेच थ पातळीवर, कारण तुकडा पातळी-सममित आहे. म्हणून त, थ चे थ, त केले तरी संख्या तीच. शेजारच्यांची अदलाबदल करत करत कोणताही क्रम गाठता येतो. चौकटीच्या उदाहरणात मात्र १, १, २ टप्प्यांनी २ मार्ग आहेत आणि १, २, १ टप्प्यांनी १ च.

या सगळ्या मोजण्या एकत्र बांधणारे एक फल (अनेक चलांचे फंक्शन) रिचर्ड एरेनबोर्ग यांनी १९९६ मध्ये मांडले, आणि त्याच वर्षी रिचर्ड स्टॅन्ली यांनी दाखवले की स्थानिक पातळी-सममित पोसेटचे हे फल चलांच्या अदलाबदलीने बदलत नाही. इथूनच पोसेटचा प्रश्न सममित फलांच्या समृद्ध सिद्धांतात प्रवेश करतो. ते फल पुढे कधी वाचाल तेव्हा ७, ७, ७ आठवा, आत तेच आहे.

पायरी ६ : एक वाटणी काढून टाका आणि काय होते ते पाहा

१, २, ३, ४ यांना गटांत वाटण्याचे १५ प्रकार आहेत. गट एकत्र करत वर चढायचे असा क्रम लावला तर आकडे १, ६, ७, १. सममिती नाही.

आता चार बिंदू वर्तुळावर क्रमाने ठेवा आणि एका गटातले बिंदू रेघांनी जोडा. फक्त एका वाटणीत रेघा छेदतात : १–३ आणि २–४. ती काढून टाका. उरलेल्या १४ चे आकडे १, ६, ६, १. पाच बिंदूंसाठी सगळ्या वाटण्या १, १०, २५, १५, १ अशा आहेत. न छेदणाऱ्या ठेवल्या तर १, १०, २०, १०, १. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला ते अपघातासारखे वाटले होते. तो अपघात नाही, त्यामागे एक ठोस संगती आहे, जी जर्मेन क्रेवेरास यांनी १९७२ मध्ये दिली.

वर्तुळावर १ नंतर १′, २ नंतर २′ असे नवे बिंदू ठेवा. मूळ वाटणीच्या रेघा न ओलांडता नव्या बिंदूंना शक्य तितके एकत्र करा. जे गट मिळतील ती पूरक वाटणी. उदाहरणार्थ १–३ ही रेघ असेल तर एका बाजूला १′ आणि २′, दुसऱ्या बाजूला ३′ आणि ४′. म्हणून पूरक वाटणी १२ | ३४. त्यावर हीच कृती पुन्हा करा : रेघा १–२ आणि ३–४, त्यामुळे १′ एकटा, ३′ एकटा, आणि २′, ४′ एकत्र. मिळाली २–४, म्हणजे मूळ १–३ एका घराने फिरलेली. दोनदा केल्यावर वाटणी मूळ जागी येत नाही, एका घराने फिरते. इथे बहुतेक जण एकदा तरी अडखळतात, कारण उपसंचांच्या पूरकाची सवय असते. मूळ गट आणि पूरक गट यांची बेरीज नेहमी बिंदूंपेक्षा एकने जास्त : वर ३ + २ = ५.

मूळ रेघा वाढवल्या की पूरक गट तुटतात, म्हणून ही संगती क्रम उलटवते आणि पोसेट स्वद्वैत ठरतो. शिवाय त्यातला प्रत्येक तुकडा अशाच छोट्या पोसेटचा गुणाकार असतो, म्हणून स्थानिक सममितीही मिळते. रोडिका सिमियन आणि डॅनियल उलमन यांनी १९९१ मध्ये सममित साखळ्यांतली वाटणीही दाखवली. इतके सगळे गुण एका ठिकाणी क्वचित जमतात.

मोजणीचा सराव म्हणून चार बिंदूंच्या पूर्ण साखळ्या मोजा. शेजारचे दोन बिंदू जोडणाऱ्या वाटण्या ४ आणि प्रत्येकीच्या वर ३ वाटा. समोरासमोरचे जोडणाऱ्या २ आणि प्रत्येकीच्या वर २ वाटा. ४×३ + २×२ = १६. न बिंदूंसाठी हा आकडा न चा (न − २)-वा घात असतो. इथे ४ चा वर्ग.

सगळ्या वाटण्यांच्या मूळ पोसेटचे काय? तो श्पेर्नर आहे का, असे जियान-कार्लो रोटा यांनी १९६७ मध्ये विचारले होते. छोट्या उदाहरणांत उत्तर होकारार्थी दिसते. १९७८ मध्ये कॅनफिल्ड यांनी सिद्ध केले की बिंदूंची संख्या पुरेशी मोठी झाली की उत्तर नकारार्थी होते. हाताने केलेली छोटी उदाहरणे मी इतकी सांगतो आहे, म्हणून हेही सांगायला हवे.

पायरी ७ : आकड्यांच्या जागी सदिश ठेवा

पातळीवरच्या घटकांऐवजी त्यांची गुणकांसह केलेली औपचारिक बेरीज घ्या, म्हणजे प्रत्येक पातळी एक सदिश अवकाश होते. उपसंचांच्या पोसेटमध्ये दोन क्रिया करा. ‘चढ’ : उपसंचाच्या जागी त्यात एक घटक वाढवून मिळणाऱ्या सगळ्यांची बेरीज. ‘उतर’ : एक घटक कमी करून मिळणाऱ्या सगळ्यांची बेरीज. न घटकांच्या संचातला क घटकांचा उपसंच घ्या. आधी चढून मग उतरले तर तो स्वतः न − क वेळा परत येतो, आधी उतरून मग चढले तर क वेळा. एक घटक काढून दुसरा घातलेले उपसंच दोन्हींत सारखेच येतात आणि वजाबाकीत जातात. फरक उरतो न − २क पट तोच उपसंच.

मध्याच्या खाली न − २क धन असतो. चढल्यावर एखादा सदिश शून्य झाला असे समजा. मग ‘उतरून चढणे’ त्याला ऋण पटीत पाठवते. पण उतरून चढण्याचा त्या सदिशाशी घेतलेला अदिश गुणाकार म्हणजे उतरलेल्या सदिशाच्या लांबीचा वर्ग, तो ऋण असू शकत नाही. म्हणून सदिश आधीच शून्य होता. अर्थात मध्यापर्यंत चढताना काहीही हरवत नाही, आणि पातळ्या वाढतच जातात.

या पद्धतीची ताकद ती गट-क्रियेखालीही टिकते यात आहे. मूळ घटकांना काही ठरावीक प्रकारे फिरवले आणि फिरवून एकमेकांवर येणारे उपसंच एकच मानले, तरी ‘चढ’ ला त्याने फरक पडत नाही. ६ मण्यांच्या दोन रंगी माळा, फिरवून सारख्या होणाऱ्या एकच धरून, एका रंगाच्या मण्यांनुसार मोजा : १, १, ३, ४, ३, १, १. चार शिरोबिंदूंचे आलेख (बिंदू आणि त्यांतल्या काही जोड्यांना जोडणाऱ्या कडा), बिंदूंची नावे पुसून, कडांनुसार मोजा : १, १, २, ३, २, १, १. दोन्ही सममित, दोन्ही एकशिखरी, आणि दोन्ही श्पेर्नर.

म × न चौकटीतल्या यंग आकृत्याही अशाच मिळतात : म×न चौरसांचे उपसंच घ्या, प्रत्येक ओळीतले चौरस आपसात आणि ओळी आपसात बदलू द्या. या आकड्यांची एकशिखरता सिल्व्हेस्टर यांनी १८७८ मध्ये सिद्ध केली. स्टॅन्ली यांनी १९८० मध्ये बीजभूमितीच्या साहाय्याने श्पेर्नर गुणधर्म दाखवला. निव्वळ मोजणीवर उभी असलेली एकशिखरतेची सिद्धता कॅथलीन ओ’हारा यांच्याकडून १९९० मध्ये आली. आणि प्रत्येक म, न साठी सममित साखळ्यांत वाटणी होते का, हा प्रश्न अजून खुला आहे. दोनपैकी एक बाजू ४ पर्यंत असेल तेव्हाचे उत्तर होकारार्थी माहीत आहे.

तिथे हात घालायचा असेल तर २ × ३ पासून सुरू करा, म्हणजे दोन ओळी आणि प्रत्येकीत जास्तीत जास्त तीन चौरस. आकडे १, १, २, २, २, १, १. एक साखळी रिक्त, १, २, ३, ३+१, ३+२, ३+३. दुसरी १+१, २+१, २+२. पहिलीत २ च्या जागी १+१ आणि ३ च्या जागी २+१ घेऊन बघा : उरलेल्या २, ३, २+२ मध्ये ३ ही २+२ मध्ये बसत नाही. नंतर ३ × ३ घ्या. २० आकृत्या, आकडे १, १, २, ३, ३, ३, ३, २, १, १, आणि तीन साखळ्या हव्यात : १० घटकांची, ६ घटकांची आणि ४ घटकांची. चारची साखळी तिसऱ्या पातळीवर सुरू होते. ती ३, २+१, १+१+१ यांपैकी कुठून सुरू करता, यावर बाकीचे किती सोपे जाते ते ठरेल.